गटाने लिहिलेल्या शोधनिबंधावर चिंतन कसं लिहावं: पुराव्यांपासून अंतिम मसुद्यापर्यंत

‘सुरुवातीला विषय ठरवताना अनेक अडचणी आल्या. मात्र सर्वांनी चर्चा करून त्यातून मार्ग काढला. या प्रक्रियेतून सांघिक कार्याचे आणि वेळेच्या नियोजनाचे महत्त्व समजले.’

ही तीन वाक्यं कोणत्याही गटाच्या, कोणत्याही विषयावरच्या चिंतनपर लेखात जशीच्या तशी चालतील. म्हणूनच ती निरुपयोगी आहेत. शोधनिबंध सादर झाला की गटाला त्या कामाकडे मागे वळून पाहायला सांगितलं जातं. बहुतेक गट हे काम शेवटच्या संध्याकाळी, ज्याची भाषा बरी आहे त्याच्यावर सोपवतात. तो आठवेल तसं लिहितो आणि बाकीचे न वाचताच होकार देतात. त्यात निबंधाचा गोषवारा येतो, थोडी स्तुती येते, एखादी मोघम तक्रार येते. निबंध आज आहे तसा का झाला, याचं उत्तर मात्र कुठेच सापडत नाही.

हे बिघडतं ते क्रमामुळे. आधी लिहायला बसायचं आणि लिहिता लिहिता आठवायचं, असं केलं की हातात फक्त ढोबळ छाप उरते. आधी पुरावे, मग प्रत्येकाची स्वतंत्र आठवण, मग एकत्र बैठक आणि लेखन सगळ्यात शेवटी, हा क्रम पाळला तर मजकूर शोधावा लागत नाही. उलट काय गाळायचं हा प्रश्न पडतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरलं आहे. समजा, चार जणांच्या गटाने ‘विद्यार्थ्यांचा मोबाइल-वापर आणि झोप’ या विषयावर प्रश्नावलीच्या आधारे शोधनिबंध लिहिला. एकीने आधीचं संशोधन वाचून प्रस्तावना लिहिली, दुसरीने प्रश्नावली तयार केली, तिसऱ्याने विश्लेषण केलं, चौथ्याने चर्चा आणि निष्कर्ष लिहिले.

तयारी: कधी बसायचं आणि आधी काय ठरवायचं

निबंध सादर केल्यापासून आठवड्याच्या आत आणि गुण कळण्याच्या आधी सुरुवात करा. यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की एखाद्या गोष्टीचा शेवट कळल्यावर माणसांना तो आधीपासूनच संभाव्य होता असं वाटू लागतं, आणि निकालाचा आपल्या मतावर परिणाम झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. चांगले गुण मिळाले की प्रत्येक निर्णय शहाणपणाचा दिसतो, कमी मिळाले की सगळं पहिल्यापासूनच चुकत होतं असं वाटतं. गुण आधीच कळले असतील तर निदान एकट्याने लिहिण्याच्या टप्प्यात त्यांचा उल्लेख करायचा नाही, असं ठरवून घ्या.

सूचनापत्रक सगळ्यांनी मिळून एकदा नीट वाचा. लेख गटाचा हवा की प्रत्येकाचा वेगळा? शब्दमर्यादा किती? एखादी ठरावीक चौकट वापरायची आहे का? शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८चं चिंतन-चक्र पुष्कळ ठिकाणी वापरायला सांगतात. त्यात सहा टप्पे येतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती-आराखडा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सहा मथळे पाडून प्रत्येकाखाली सारखेच शब्द लिहिणं. चौकट कोणतीही असो, लेखाचं वजन विश्लेषणावर पडायला हवं. वर्णन वाचकाला प्रसंग कळण्यापुरतं पुरे.

सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. पुरावे जमवणं, एकट्याने लिहिणं आणि बैठक या तिन्हींच्या मध्ये किमान एकेक रात्र जाऊ द्या.

टप्पा १: पुरावे गोळा करा

एक सामायिक फोल्डर उघडा आणि त्यात हे टाका:

- विषयाचा पहिला प्रस्ताव, तो कितीही कच्चा असला तरी
- निबंधाचे सगळे जुने मसुदे
- मार्गदर्शकांच्या सूचना, हाताने लिहिलेल्या असतील तर त्यांचे फोटो
- प्रश्नावलीच्या सर्व आवृत्त्या आणि डेटाच्या जुन्या शीट
- बैठकींच्या नोंदी आणि गटाच्या चॅटमधले निर्णयाचे संदेश
- कामाचं मूळ वेळापत्रक

वेळापत्रक कधी केलंच नसेल, तर ‘वेळापत्रक नव्हतं’ ही नोंदच फोल्डरमध्ये ठेवा. तोही पुरावाच आहे.

गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरी उघडून कोणता भाग कधी बदलला ते पाहता येतं. पण ती वाचताना दोन गोष्टींचं भान ठेवा. एकीने दुसऱ्या फाइलमध्ये चार तास बसून लिहिलेला मजकूर दुसऱ्याने मुख्य फाइलमध्ये चिकटवला, तर नोंद चिकटवणाऱ्याच्या नावावर होते. शिवाय जुन्या आवृत्त्या काही काळाने एकत्र केल्या जाऊ शकतात, म्हणून तपशील कायम जसाच्या तसा राहील असं धरू नका. महत्त्वाच्या मसुद्यांना नाव देऊन ठेवणं किंवा त्यांची वेगळी प्रत काढणं बरं.

> सावधान: व्हर्जन हिस्टरी म्हणजे हजेरीपट नव्हे. वाचन, फोनवरची चर्चा, डेटा साफ करणं, प्रतिसाद देणाऱ्यांना पुन्हा पुन्हा विनवणं, यातलं काहीच तिथे दिसत नाही. ‘तुझे फक्त ३०० शब्द आहेत’ असा वाद या टप्प्यावर सुरू झाला तर तिथेच थांबवा.

चॅटमधले संदेश काढताना ज्याचा संदेश त्याची परवानगी घ्या. गटातल्या गप्पा शिक्षकांपर्यंत जातील असं समजून कोणी लिहिलेलं नसतं.

टप्पा २: निर्णयांचा कालपट तयार करा

घडामोडींची यादी आणि निर्णयांची यादी यांत फरक आहे. ‘१२ तारखेला बैठक झाली’ ही घडामोड. ‘तासांचा आकडा विचारायच्या ऐवजी पर्याय द्यायचे असं ठरलं’ हा निर्णय. आपल्याला निर्णय हवेत. साध्या तक्त्यात पाच रकाने करा: तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, कोणता पर्याय सोडून दिला, हे कशावरून कळतं.

चौथा रकाना भरणं सगळ्यात जड जातं आणि खरा माल तिथेच असतो. कोणताच पर्याय आठवत नसेल, तर बहुधा निर्णय झालाच नव्हता. गोष्ट तशीच पुढे सरकत गेली. तेही लिहा. शोधनिबंधातले कितीतरी महत्त्वाचे भाग असे कोणीही न ठरवता ठरलेले असतात: नमुन्याचा आकार, कोणत्या वर्षांपर्यंतचं संशोधन वाचायचं, ‘मोबाइल-वापर’ म्हणजे नेमकं काय धरायचं.

शेजारी आणखी दोन रकाने करा, ‘ठरवलेली तारीख’ आणि ‘प्रत्यक्ष तारीख’. काम वेळेत झालं नाही हे सगळेच लिहितात. कोणतं काम किती लांबलं हे क्वचितच कोणी लिहितं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी सुमारे ३४ दिवसांत पुरा होईल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले. म्हणजे उशीर होणं ही काही तुमच्या गटाची खासियत नाही. उशीर कुठे साठला, ही मात्र नक्कीच तुमची माहिती आहे. आपल्या उदाहरणातल्या गटाला तक्ता भरल्यावर दिसलं की प्रश्नावली पाठवायला दोनच दिवस उशीर झाला होता, पण आलेला डेटा वापरण्याजोगा करायला ठरवल्याच्या तिप्पट वेळ गेला. सगळ्यांच्या मनात मात्र ‘लोकांनी उत्तरं उशिरा दिली’ हेच कारण पक्कं बसलेलं होतं.

> तपासा: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीच्या ‘हे कशावरून कळतं’ या रकान्यात काहीतरी आहे ना? ज्या ओळीपुढे पुरावा नाही तिथे ‘फक्त आठवणीवरून’ असं लिहा. ती ओळ खोडू नका.

टप्पा ३: प्रत्येकाने एकट्याने लिहा

हा टप्पा गाळू नका. गाळला तर पुढचं सगळं कोसळतं. चौघं एकत्र बसून आठवायला लागले की जो आधी आणि ठामपणे बोलतो त्याची आठवण सगळ्यांची होऊन जाते. गप्प राहिलेल्याला आपलंच काही चुकत असेल असं वाटून तो मान डोलावतो.

प्रत्येकाने ४० मिनिटं वेगळं बसून, एकमेकांशी न बोलता खालच्या प्रश्नांवर लिहावं. शुद्धलेखनाची फिकीर नको, वाक्यं तुटकी चालतील.

1. निबंधातली कोणती गोष्ट माझ्यामुळे बदलली?
2. माझ्या भागातली कोणती गोष्ट दुसऱ्या कोणामुळे सुधारली?
3. मला कळलं नव्हतं, तरी मी ‘चालेल’ म्हटलं, असं कधी झालं?
4. मला पटलं नव्हतं, तरी मी गप्प राहिलो किंवा राहिले, असं कधी झालं? का?
5. आज पुन्हा संधी मिळाली तर कोणता एक निर्णय मी वेगळा घेईन?
6. निबंधातलं कोणतं वाक्य मला आजही सिद्ध करून दाखवता येणार नाही?

शेवटच्या प्रश्नाला घाबरू नका. शोधनिबंधावरचं चिंतन आणि इतर कोणत्याही गटकामावरचं चिंतन यांत फरक पडतो तो इथेच. सहलीचं नियोजन केलं असतं तर पुराव्याचा प्रश्न आला नसता. इथे गटाने जगापुढे एक दावा मांडला आहे, आणि तो दावा कुठे भक्कम आहे, कुठे पातळ आहे, हे गटाइतकं दुसऱ्या कोणालाही माहीत नसतं.

सगळ्यांचं लिहून झाल्याशिवाय कोणीही दुसऱ्याचं वाचायचं नाही. सामायिक फाइलमध्ये एकाच वेळी लिहू नका; आपापल्या फाइलमध्ये लिहून ठरलेल्या वेळी एकदम फोल्डरमध्ये टाका.

टप्पा ४: कामाचा वाटा नोंदवा, पण टक्क्यांत नको

‘प्रत्येकाने किती टक्के काम केलं’ हा प्रश्न विचारला की गट हमखास भांडतो. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांच्या १९७९च्या अभ्यासात दिसलं की एकत्र केलेल्या कामात माणसं आपला वाटा जास्त धरतात, कारण स्वतःची मेहनत सहज आठवते आणि दुसऱ्याची आठवत नाही. म्हणजे चौघांनी प्रामाणिकपणे दिलेल्या टक्क्यांची बेरीजही शंभराच्या वर जाऊ शकते. कोणी खोटं बोलतंय असा संशय घेण्याआधी हे ध्यानात ठेवा.

टक्क्यांऐवजी भूमिका लिहा. अनेक संशोधन-नियतकालिकं ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात. त्यात कल्पना मांडणं, पद्धत ठरवणं, प्रत्यक्ष माहिती मिळवणं, डेटा नीट लावून ठेवणं, विश्लेषण, पडताळणी, आकृत्या-तक्ते करणं, कामाचं व्यवस्थापन, मूळ मसुदा लिहिणं, मसुदा तपासून सुधारणं अशा भूमिका वेगवेगळ्या धरल्या आहेत. निधी मिळवण्यासारख्या तुम्हाला लागू नसलेल्या भूमिका गाळा आणि उरलेल्यांपुढे नावं लिहा. एका भूमिकेपुढे दोन नावं चालतात.

हे केलं की न दिसणारं काम वर येतं. आपल्या उदाहरणात प्रस्तावना लिहिणारीनेच संपूर्ण संदर्भसूची एका शैलीत आणली होती आणि रोज सगळ्यांना आठवणी पाठवल्या होत्या. यादी भरेपर्यंत तिघांनी तिचं काम ‘प्रस्तावना’ एवढंच धरलं होतं. रिकामी राहिलेली भूमिकाही बरंच सांगते. ‘पडताळणी’पुढे एकही नाव आलं नाही, तर निष्कर्षातले आकडे दुसऱ्या कोणी तपासलेच नव्हते, हे तुम्हाला तिथेच कळतं.

टप्पा ५: बैठक

दीड तास पुरतो. एकाने बैठक चालवायची, एकाने टिपायचं. ज्याने संपूर्ण कामात सर्वांत जास्त निर्णय घेतले त्याने बैठक चालवू नये. तसं झालं तर सगळे पुन्हा त्याच्याच तोंडाकडे पाहतात.

क्रम असा ठेवा. पहिली वीस मिनिटं फक्त कालपट: तारखा, घटना, दुरुस्त्या. कारणं नाहीत, मतं नाहीत. मग प्रत्येकाने आपल्या लिखाणातल्या दोन गोष्टी वाचून दाखवायच्या, कोणीही मध्ये बोलायचं नाही. सुरुवात सगळ्यात कमी बोलणाऱ्याने करावी. त्यानंतरच ‘असं का झालं’ यावर या.

हे टप्पे मिसळले की काय होतं ते पाहा. कोणी म्हणतं, ‘प्रश्नावली बदलली त्या दिवशी...’ आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरी म्हणते, ‘अगं, पण तूच तर म्हणाली होतीस!’ पुढचा अर्धा तास बचावात जातो. तारीख आणि घटना आधीच कागदावर पक्की असेल तर बचाव करण्यासारखं फारसं उरत नाही.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर मतदान करू नका, मध्यम मार्गही काढू नका. दोन्ही लिहा. प्रश्नावली करणारीला वाटत होतं, ‘मी सगळ्यांना कळवलं’. विश्लेषण करणाऱ्याला वाटत होतं, ‘मला कोणी सांगितलंच नाही’. संदेश पाहिल्यावर दोघंही खरे निघाले: कळवलं होतं, पण ४० संदेशांच्या मध्ये, आणि ‘थोडे बदल केलेत’ एवढ्याच शब्दांत. गटाच्या चिंतनात यापेक्षा मोलाचा मजकूर क्वचितच मिळतो.

> सावधान: बैठकीच्या शेवटी सगळं गोड झालंच पाहिजे असा हट्ट नको. एखादा मतभेद मिटला नाही, तर ‘यावर आमचं एकमत झालं नाही’ असं लेखात लिहिता येतं. वाचणाऱ्या शिक्षकांना ते खरं वाटतं, कारण ते खरं असतं.

टप्पा ६: दोन-तीन वळणं निवडा

कालपटात वीस-पंचवीस निर्णय असतील. सगळ्यांवर लिहू नका. दोन निवडा, फार तर तीन. निवडताना विचारा: यामुळे निबंध बदलला का? त्या वेळी दुसरा मार्ग उपलब्ध होता का? आपल्याकडे पुरावा आहे का? गटाच्या हातात काही होतं का? वीज गेली, लॅपटॉप बिघडला, हे प्रसंग त्रासाचे खरे. पण ‘बिघडला तेव्हा प्रत कुठे होती’ हा प्रश्न आल्याशिवाय त्यातून काही निघत नाही.

निवडलेल्यांपैकी एक वळण चांगलं गेलेलं असू द्या. चांगलं का गेलं याचा शोध गट जवळजवळ कधीच घेत नाहीत. ‘सर्वांनी सहकार्य केले’ म्हणून पुढे जातात. आपल्या गटाचा विषय सुरुवातीला ‘सोशल मीडियाचे दुष्परिणाम’ असा अवाढव्य होता आणि तो एका बैठकीत मोजता येईल इतका आटोपशीर झाला. का? कारण मार्गदर्शकांनी विचारलं होतं, ‘दुष्परिणाम कशाने मोजणार?’ आणि प्रत्येकाला एकेक मोजमाप शोधून आणायला सांगितलं होतं. म्हणजे चर्चा यशस्वी झाली ती सगळे काहीतरी शोधून घेऊन आले होते म्हणून. हे नेमकेपणाने कळलं तरच ते पुन्हा करता येतं.

टप्पा ७: कारणापर्यंत जा

सर्वाधिक वेळ इथे द्या.

‘संवादाचा अभाव’, ‘वेळेचं चुकलेलं नियोजन’, ‘अनुभवाची कमतरता’ ही कारणं नाहीत, कारणांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत. असा शब्द आला की त्याला प्रश्न विचारा: कोणाचा संवाद? कोणत्या गोष्टीबद्दल? कधी व्हायला हवा होता? तो न होण्याचं काय कारण?

प्रश्नावलीचा प्रसंग घेऊ. पहिल्या आवृत्तीत ‘रोज किती तास मोबाइल वापरता?’ असा प्रश्न होता आणि उत्तरात आकडा लिहायचा होता. ४० जणांनी उत्तरं दिल्यावर प्रश्नावली करणारीला दिसलं की लोक ‘खूप’, ‘४-५’, ‘मोजलं नाही’ असं लिहितायत. तिने पर्याय दिले: ० ते २ तास, २ ते ४ तास, ४ पेक्षा जास्त. हेतू चांगला होता. पण आकड्यांवरून पर्याय ठरवता येतात, पर्यायांवरून आकडा परत मिळत नाही. त्यामुळे सर्वांची सरासरी काढणं अशक्य झालं आणि ठरवलेलं विश्लेषण सोडून फक्त गटागटांची तुलना करावी लागली. शिवाय बरोबर २ तास वापरणाऱ्याने कोणता पर्याय निवडायचा, हाही घोळ झाला.

पहिला मसुदा: ‘संवादाच्या अभावामुळे प्रश्नावलीत बदल झाल्याचे विश्लेषण करणाऱ्या सदस्याला वेळेत कळले नाही.’

आता खोदत जा. त्याला का विचारलं नाही? विचारायची गरज आहे असं तिला वाटलं नाही. का? उत्तराचा प्रकार बदलला की विश्लेषणाची पद्धत बदलते, हे तिच्या समोर कुठेच लिहिलेलं नव्हतं. का नव्हतं? कारण ‘संशोधनपद्धती’ हा विभाग डेटा गोळा झाल्यावर लिहायचा असं गटाने धरलं होतं. इथे थांबा, कारण ही गोष्ट पुढच्या वेळी बदलता येते.

सुधारलेला मसुदा: ‘कोणत्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या विश्लेषणासाठी लागणार आहे, हे आम्ही प्रश्नावली पाठवण्यापूर्वी लिहून ठेवलं नव्हतं. त्यामुळे उत्तराचा प्रकार बदलणं हा आम्हाला मांडणीतला किरकोळ बदल वाटला. प्रत्यक्षात त्याने आमचा मुख्य संशोधनप्रश्नच अरुंद केला.’

दुसऱ्या मसुद्यात कोणावरही बोट नाही, तरी पहिल्यापेक्षा तो कितीतरी जास्त सांगतो.

दुसरं वळण निष्कर्षाचं. निबंधाच्या शेवटी वाक्य आलं, ‘मोबाइलच्या अतिवापरामुळे झोप कमी होते.’ एकदाच घेतलेल्या प्रश्नावलीवरून दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच म्हणता येतं. झोप येत नाही म्हणून मोबाइल पाहिला जातो, असंही असू शकतं. हे वाक्य आलं कसं? ‘घाईमुळे’ हे सोपं उत्तर. कालपट वेगळं सांगत होता: चौघांनी चार विभाग वेगवेगळ्या फाइलमध्ये लिहिले आणि शेवटच्या दिवशी जोडले. निष्कर्ष लिहिणाऱ्याने मर्यादांचा परिच्छेद वाचलाच नव्हता, कारण तो तेव्हा लिहून झालेला नव्हता. विभाग वाटून घेणं गैर नाही. सगळा निबंध एकसलग वाचण्याचं काम कोणालाच न देणं, ही चूक.

काम न करणाऱ्या सदस्याबद्दल काय लिहायचं, हा प्रश्न नेहमी येतो. स्वभावाबद्दल एक अक्षरही लिहू नका. काय ठरलं होतं, काय झालं, गटाने त्याबद्दल कधी आणि कसं विचारलं, त्याचा निबंधावर काय परिणाम झाला, इतकंच. बहुतेकदा तिसऱ्या मुद्द्यावर गट अडतो, कारण शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणी विचारलेलंच नसतं. प्रकरण गंभीर असेल तर शिक्षकांशी वेगळं बोला. चिंतनपर लेख ही तक्रार नोंदवण्याची जागा नाही.

> तपासा: कारणाच्या वाक्यातलं माणसाचं नाव काढून तिथे ‘कोणीही’ घाला. त्याच परिस्थितीत दुसऱ्या कोणाकडूनही हेच झालं असतं का? ‘हो’ असेल तर कारण बरोबर पकडलंय. ‘नाही’ असेल तर अजून एकदा ‘का’ विचारा.

टप्पा ८: पुढच्या वेळचे नियम लिहा

‘यापुढे संवाद वाढवू’ हा संकल्प झाला, नियम नाही. नियमात कधी, कोण आणि काय हे तिन्ही हवं, आणि तो पाळला की नाही हे तिऱ्हाईताला तपासता यायला हवं. उदाहरणातल्या गटाचे नियम असे होतील:

- प्रश्नावली पाठवण्यापूर्वी प्रत्येक प्रश्नासमोर, त्याचं उत्तर कोणत्या तक्त्यात किंवा चाचणीत वापरणार ते लिहायचं. विश्लेषण करणाऱ्याने होकार दिल्यावरच ती पाठवायची.
- आधी पाच जणांकडून भरून घ्यायची, त्यांची उत्तरं पाहून सुधारायची आणि त्यानंतर बदल बंद.
- सादरीकरणाच्या तीन दिवस आधी एकाने संपूर्ण निबंध सलग वाचायचा आणि निष्कर्षातलं प्रत्येक वाक्य कोणत्या आकड्यावर उभं आहे ते समासात नोंदवायचं.

तीनच्या पुढे जाऊ नका. दहा नियमांची यादी कोणीच पाळत नाही.

टप्पा ९: आता लिहा

एकूण शब्दांपैकी चौथा हिस्सा वर्णनाला, निम्मा वळणांच्या विश्लेषणाला, उरलेला नियमांना आणि वैयक्तिक परिच्छेदांना, असा अंदाज धरा. निबंधाचा सारांश पुन्हा देऊ नका. दोन वाक्यांत विषय आणि पद्धत सांगितली की झालं.

‘आम्ही’ फक्त तिथेच वापरा जिथे खरोखर सगळ्यांनी मिळून ठरवलं. एकीने ठरवलं असेल तर ‘प्रश्नावलीची जबाबदारी असलेल्या सदस्याने’ असं लिहा. ‘असे ठरवण्यात आले’, ‘बदल करण्यात आला’ ही कर्ता लपवणारी वाक्यं शोधून काढा. शोधनिबंधात त्यांची सवय लागते, चिंतनात ती वाचकाला वाटेतच सोडून देतात.

पुरावा वाक्यातच गुंफा: ‘दुसऱ्या मसुद्यावर मार्गदर्शकांनी “हे कशावरून?” असं लिहिलं होतं, तिसऱ्या मसुद्यातही ते वाक्य तसंच राहिलं.’ एवढ्या एका ओळीने परिच्छेदभराचं काम होतं.

एकाने सगळं लिहिलं तरी चालेल, पण प्रत्येकाचा एक परिच्छेद त्याच्या स्वतःच्या शब्दांत असू द्या. सगळे आवाज घासून एकसारखे करू नका.

निबंधासाठी चॅटजीपीटीसारखं साधन वापरलं असेल तर तेही याच शिस्तीने मांडा: कशासाठी वापरलं, काय मिळालं, काय तपासलं, काय तपासायचं राहिलं. अशी साधनं अस्तित्वातच नसलेले संदर्भ खऱ्यासारखे रचून देऊ शकतात. तुमच्या संदर्भसूचीतली प्रत्येक नोंद कोणी उघडून पाहिली होती का, हे चिंतनात सांगण्यासारखं आहे. चिंतन मात्र त्या साधनाकडून लिहून घेऊ नका. त्याला तुमचा कालपट माहीत नाही, त्यामुळे ते सुरुवातीच्या त्या तीन वाक्यांसारखंच काहीतरी देईल, फक्त जास्त सफाईने.

टप्पा १०: सादर करण्यापूर्वीची तपासणी

1. लेखातून विषयाचं नाव झाका. दुसऱ्या गटाला हा लेख आपला म्हणून देता येईल का? येत असेल तर कोणत्या परिच्छेदांमुळे, ते शोधून पुन्हा लिहा.
2. प्रत्येक सदस्याने पूर्ण लेख वाचला का? स्वतःबद्दलच्या वाक्यावर हरकत घ्यायला किमान एक दिवस द्या. हरकत आली तर आधी पुरावा पाहा, मग शब्द बदला.
3. लेखातल्या तारखा, आकडे आणि मसुद्यांचे क्रमांक कालपटाशी जुळतात का?
4. प्रतिसाद देणाऱ्यांची ओळख उघड होईल असं काही राहिलंय का? चॅटमधल्या उद्धरणांना परवानगी आहे का?
5. निबंधातली एखादी खरी चूक या प्रक्रियेत सापडली असेल, जसं की चुकीचा आकडा किंवा न पाहिलेला संदर्भ, तर ती मार्गदर्शकांना लेख देण्याआधीच स्वतंत्रपणे कळवा. चिंतनाच्या चौथ्या परिच्छेदात त्यांना ती अचानक सापडू नये.

लेख दिल्यावर कालपट आणि तीन नियम एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि चौघांकडे प्रत राहू द्या. पुढच्या निबंधाला गट बदललेला असेल, तेव्हा पहिल्या बैठकीत विषय ठरवायच्या आधी ती फाइल उघडा आणि नव्या सदस्यांना त्यांच्या मागच्या कामातले तीन नियम विचारा.